मशीन ठेवायला जागा

थोरल्या वैनींनी मला जागा दिली. हे आधी लिहून टाकते. पुढं लिहिताना धीर सुटला आणि हात थांबला, तरी एवढं एक वाक्य कागदावर राहील. त्या माझ्या नात्याच्या नव्हत्या, गावच्या नव्हत्या. बेळगावात ज्या घरी मी कामाला होते, त्या घरच्या थोरल्या सूनबाई. नवरा जर्मनीत नोकरीला, म्हणून त्याही तिकडंच असायच्या आणि दिवाळीच्या सुमाराला महिना-दीड महिना सासरी येऊन जायच्या. लोक म्हणतात आईबापांनी जगात आणलं. आणलं खरंच. पण आणल्यावर उभं कुठं राहायचं, हा प्रश्न राहतोच की.

मी निपाणीच्या पलीकडची, कोगनोळीच्या बाजूची. सातवीत शाळा सुटली. कुणी मारून-मुटकून काढली नाही. आई निपाणीला तंबाखूच्या वखारीत जायची, घरात लहान भावंडं, त्यांना बघायला कुणी नाही. मग एक दिवस गेले नाही, दुसऱ्या दिवशी गेले नाही, आणि पुढं मास्तरांनीही विचारायचं सोडलं.

आईचं वखारीचं लुगडं वेगळं असायचं. दिवसभर तंबाखू झाडायची, चाळायची. त्याची भुकटी लुगड्याच्या धाग्या-धाग्यात बसायची. ते लुगडं ती घराच्या उंबऱ्याच्या आत कधी आणायची नाही. बाहेर छपराखाली एक खुंटी होती. तिथंच आडोशाला बदलायची, खुंटीला अडकवायची आणि मगच आत येऊन आम्हाला जवळ घ्यायची. रविवारी ते धुतलं की पाणी लांब बांधावर नेऊन ओतायचं. म्हशीच्या दावणीकडं नाही, तुळशीकडं नाही, चुलीच्या वाऱ्याला तर नाहीच. एकदा मी थंडीत कुडकुडत होते म्हणून ते वाळलेलं लुगडं पांघरून चुलीपाशी बसले, तर आईनं पाठीत धपाटा घातला आणि मग स्वतःच रडत बसली.

पुढं ओळखीतल्या एका बाईनं बेळगावच्या घराचं सांगितलं. आईनं एस.टी.नं नेऊन मला टिळकवाडीत पोचवलं. फाटकाशी उभी राहून म्हणाली, "हितं ऱ्हा. परत येऊ नगंस. आलीस तर वखारच हाय बघ."

एवढंच. मागं वळून न बघता गेली. ती निष्ठुर नव्हती, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. पण ते वाक्य माझ्या मानेवर कायम बसलेलं असायचं. त्या घरच्या काकूंनी जरा मोठ्यानं हाक मारली तरी वाटायचं, झालं, आता परत पाठवणार.

घरात काकू आणि आप्पा, म्हणजे थोरल्या वैनींचे सासूसासरे, दोघंच कायमचे. आप्पा कोर्टातल्या नोकरीतनं निवृत्त झालेले. पण पै-पाहुणा सारखा, त्यामुळं धुणं डोंगराएवढं. ते सगळं माझ्याकडं. मागच्या अंगाला मोरी, मोरीला लागून एक अरुंद खोली; वर टाकीत पाणी चढवायचा पंप तिथं होता. पंपाशेजारी माझी वळकटी आणि पत्र्याची पेटी. खोलीला तेलाचा वास यायचा. पण दाराला आतनं कडी होती. आतनं कडी असलेलं दार मला जन्मात पहिल्यांदा मिळालं होतं.

एकटं वाटायचं ते मात्र सांगता येणार नाही असं. गावाकडं धुणं म्हणजे ओढा, आणि ओढा म्हणजे आठ-दहा बायका, त्यांच्या सासवांच्या चुगल्या, एकमेकींच्या अंगावर उडवलेलं पाणी. इथं एक दगड, एक नळ आणि मी. भाजीवाली यायची ती कानडी बोलायची. काकू तिच्याशी कानडीत भांडायच्या, कानडीत हसायच्या. मला तेव्हा कानडी चार शब्दांपलीकडं येत नव्हतं. दुपारी कुणाच्या तरी रेडिओचा आवाज भिंतीवरनं यायचा, तो बंद झाला की मी उगाच रिकामी बादली वाजवायचे.

त्या वर्षी थोरल्या वैनी दिवाळीला आल्या आणि संक्रांत होऊन गेली तरी राहिल्या. मी धुणं धूत असले की त्या मागं यायच्या, बादली पालथी घालून तिच्यावर बसायच्या. पहिल्यांदा मला वाटलं, धुणं नीट होतंय का ते बघायला आल्या. हातातनं साबणच सुटला.

"घाबरतीस कशाला गं?" त्या म्हणाल्या. "मला तुझा धुण्याचा आवाज आवडतो. तिकडं असा आवाज नाही."

"तिकडं धुणं कुठं धुता वैनी?"

"तळघरात."

"व्हय? मातीच्या?"

त्या हसल्या. "नाही गं, पक्क्या. मोठी इमारत, सगळ्या बिऱ्हाडांना मिळून खाली मशिनं. ज्याचा त्याचा वार ठरलेला. माझा मंगळवार. कपडे घेऊन खाली उतरायचं, मशीन लावायचं आणि पायरीवर बसायचं. तिथला दिवा आपोआप विझतो. मग चाचपडत उठायचं, बटण दाबायचं, परत येऊन बसायचं."

"बोलायला कोण नसतंय?"

"दुसऱ्याच्या वारी तिथं कुणी उतरत नाही. तो शिस्तीचा देश."

"मग मशीन धुतंय तवर काय करता?"

"बघत बसते. त्याला गोल काच असते. आत कपडे फिरतात. कधी ह्यांचा शर्ट दिसतो, कधी माझी साडी." मग म्हणाल्या, "दोन्ही एकदम कधी दिसत नाहीत."

मला त्यातलं सगळं कळलं नाही. पण त्यांना तिकडं परत जायचं नव्हतं, एवढं कळत होतं. घराच्या पुढच्या अंगाला त्यांची एक खोली होती. थोरल्या दादांनी पैसे पाठवून बांधून घेतलेली, तिला जोडून न्हाणी, न्हाणीत पांढऱ्या फरश्या आणि गरम पाण्याचा गिझर. गल्लीतल्या बायका ती न्हाणी बघायला आल्या होत्या. खोलीत खिडकीशी टेबल, भिंतीला पुस्तकांचं कपाट. वैनी लग्नाआधी शाळेत शिकवायच्या. मला एकदा तिथं बसवून म्हणाल्या, "ह्या टेबलाशी मुलींच्या शिकवण्या घेईन म्हणते. चार मुली आल्या तरी बास. तूपण बस. सातवी म्हणजे काय संपलं नाही." आणि मग हळूच, "कुणाला बोलू नकोस हं एवढ्यात."

मी कुणाला बोलणार होते?

फेब्रुवारीत वैनींचे दीर, धाकटे दादा, कुवेतहून आले आणि त्यांच्या मागोमाग मुंबईहून लॉरीतनं एक लाकडी खोकं आलं. फळ्या उचकटल्यावर आतनं कपडे धुवायचं पांढरंशुभ्र मशीन निघालं. काकूंनी हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. जागा ठरेना म्हणून ते दिवाणखान्यातच टेलिव्हिजनसारखं उभं राहिलं. काकूंनी त्याच्यावर विणलेला रुमाल टाकला, रुमालावर फुलदाणी ठेवली. येणारा-जाणारा हात लावून बघायचा.

शेजारच्या आक्का म्हणाल्या, "दाखवायचा कार्यक्रम झाला की हो. आता नांदवणार कधी?"

सगळे हसले. मी मागं धुणं आपटत होते, नेहमीपेक्षा जोरात. माझ्या मनात वेडं काहीतरी, की जोरात आपटलं तर माझी गरज लोकांना ऐकू जाईल.

रविवारी सकाळी चहाला सगळे बसले आणि विषय निघाला. मी कपबश्या घेऊन दारातच थबकले.

धाकटे दादा म्हणाले, "मागच्या खोलीत बसवू. नळ आहे, मोरी आहे, पंपाचा मोठा प्लग आहे. मशीनला दुसरं काय लागतं?"

"तिथं ही झोपती की रे," काकू म्हणाल्या.

"तिकडं कुवेतला मशीन गच्चीवर असतंय आणि कामवालीची खोलीपण गच्चीवरच. पण तिथं खोल्या मोठ्या. इथं दोन्ही मावायचं नाही. आणि आई, कपडे मशीन धुणार म्हटल्यावर हिला ठेवायची कशाला? भांड्यांना सकाळची बाई लाव की."

ते वाईट मनानं बोलले नाहीत. हिशेब बरोबर होता. मला निपाणीचा स्टँड दिसला, वखारीचं मोठं दार दिसलं, आईच्या खुंटीशेजारी दुसरी खुंटी दिसली.

तेवढ्यात थोरल्या वैनी म्हणाल्या, "आमच्याकडं मशीन स्वयंपाकघरात असतं."

मी मान वर केली. तळघर, मंगळवार, विझणारा दिवा, सगळं मला ठाऊक होतं. वैनी माझ्याकडं बघत नव्हत्या. चहात साखर ढवळत होत्या, आणि त्या साखर घेत नसत.

"स्वयंपाकघरात?" काकूंनी बशी खाली ठेवली. "शिव शिव. तिथं माझे देव हायत."

"देवांना काय होतंय आई? आत कापड जातं ते मळकं, बाहेर येतं ते स्वच्छ. इंग्लंडातपण ओट्याखालीच ठेवतात. बाई भाजी चिरता चिरता धुणं बघते."

धाकटे दादा म्हणाले, "दादा तर तळघर म्हणत होता वैनी."

"ते आधीच्या घरी."

काकू विचारात पडल्या. मशीन नजरेसमोर राहील, कुणी बिघडवणार नाही, हे त्यांना पटत चाललं होतं. ओट्याची लांबी त्या मनातल्या मनात मोजत असाव्यात. मग एकदम माझ्याकडं वळल्या. "तू सांग गं. धुणं तू करतीस. फ्रिजच्या बाजूला ठेवलं तर चालंल का?"

आता वैनींनी माझ्याकडं बघितलं. 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. पण तोंड उघडलं आणि आतनं आईच बोलली.

"न्हाई काकू. धुण्याचं कापड चुलीपाशी न्यायचं न्हाई. आमची आई वखारीचं लुगडं उंबऱ्याच्या आत आणत न्हाई, भाईर खुंटीला अडकवती."

वैनींचा चमचा थांबला.

"ऐकलंस?" काकू म्हणाल्या. "हिच्या घरातसुद्धा चालत न्हाई."

"अहो आई, ते तंबाखूचं लुगडं. आपल्या घरात तंबाखू कोण झाडतंय?"

त्या वेळी आप्पा कोपऱ्यात तळहातावर तंबाखू मळत बसले होते. सगळ्यांचे डोळे एकदम तिकडं गेले. आप्पांनी मूठ मिटली.

"म्हणजे माझी धोतरं आजपासनं उंबऱ्याबाहेर काय?"

"नुसती धोतरं कशाला?" काकू म्हणाल्या. "तुम्हालाच भाईर अडकवायला मी खुंटी शोधालीया कवापासनं."

धाकटे दादा इतके हसले की त्यांना ठसका लागला. वैनीही हसल्या. मी मात्र दाराची चौकट धरून उभी होते. माझ्याच तोंडानं मी माझं ठरवून टाकलं होतं. आणि हसणं ओसरल्यावर धाकटे दादा म्हणालेच, "ठरलं तर मग. मागची खोली. वायरमनला उद्या बोलावतो." मग माझ्याकडं बघून, जरा मऊ आवाजात, "तुला मी स्वतः निपाणीच्या गाडीत बसवून देईन हं."

वैनी उठल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, रागावल्या. एवढा आधार दिला आणि ह्या पोरीनं लाथाडला. पण त्या परत आल्या, त्यांच्या हातात त्यांच्या खोलीची किल्ली होती. ती त्यांनी मशीनवरच्या रुमालावर, फुलदाणीशेजारी ठेवली.

"माझ्या न्हाणीत बसवा. गिझरचा प्लग आहे, नळ आहे. जर्मनीतसुद्धा पुष्कळ घरात न्हाणीतच असतं."

"आणि तू आंघोळ कुठं करणार?" काकूंनी विचारलं.

"मी कुठं असते आई इथं? जायचंच आहे की मला."

हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की कुणाला त्यात काही वाटलं नाही. मला वाटलं. खिडकीशेजारच्या टेबलाचं मला एकटीलाच ठाऊक होतं.

"आणि हिला राहू दे," त्या पुढं म्हणाल्या. "मशीन कपडे धुतं, वाळत घालत नाही. घड्या घालत नाही, इस्त्री करत नाही. आणि भाऊजी, बेळगावात नळ एक दिवसाआड येतोय. कुवेतचं मशीन ते, पाणी संपलं की बोंब मारत उभं राहील. मग आई बादल्या ओतणार काय?"

काकूंनी माझ्याकडं बघितलं, मग मशीनकडं, मग स्वतःच्या गुडघ्यांकडं. "ऱ्हाऊ दे म्हण," त्या म्हणाल्या. "पोरगी चोर न्हाई, तेवढं तर हाय."

मी कपबश्या नेऊन ठेवल्या आणि मागच्या खोलीत जाऊन कडी लावली. पंपाला टेकून बसले.

एखादी वस्तू एका कोपऱ्यात ठेवली की ती तिथंच थांबत नाही, हे मी नंतर बघितलं. न्हाणीत मशीन आलं, मग मळक्या कपड्यांची टोपली खोलीत आली. पावसाळ्याची सोय म्हणून भिंतीपासून भिंतीपर्यंत दोऱ्या आल्या. खिडकीशेजारच्या टेबलावर जुनं ब्लँकेट अंथरून इस्त्रीची जागा झाली. पुस्तकांचं कपाट दमट हवेनं खराब होईल म्हणून वरच्या मजल्यावर हलवलं. हे सगळं वैनी घरात असतानाच झालं. त्यांनीच मला मशीनची बटणं शिकवली, कुठल्या कपड्याला कुठलं. एकदा ओल्या चादरी दोरीवर टाकताना मी म्हटलं, "वैनी, मी व्हय म्हणायला पायजे होतं."

चादरीच्या पलीकडनं त्या म्हणाल्या, "तू खोटं बोलली असतीस तर मला आवडलं नसतं."

मी म्हटलं, "तुम्ही तर बोललासा."

"मी माझ्यासाठी कुठं बोलले? मला कुठं वखारीत जायचं होतं?"

त्यांचा चेहरा दिसत नव्हता. होळीच्या आधी त्या गेल्या. शिकवण्यांचा विषय पुन्हा निघाला नाही. टॅक्सीत बसताना सगळ्यांच्या पाया पडून झाल्यावर मला म्हणाल्या, "जेवत जा नीट." बाकी काही नाही.

त्यानंतर दिवाळीला त्या यायच्या कमी झाल्या. काकू म्हणायच्या, "येऊन ऱ्हाणार कुठं? खोलीत पाय ठेवायला जागा न्हाई." जणू ती जागा आपोआपच नाहीशी झाली होती. आप्पा वारले तेव्हा आल्या, तेव्हा दिवाणखान्यात गादी टाकून झोपल्या. मी म्हटलं, माझ्या खोलीत या. तर म्हणाल्या, "तिथं पंप आहे गं, मला झोप लागायची नाही." केस पांढरे झाले होते. थोरले दादा सोबत नव्हते आणि कुणी विचारत नव्हतं.

माझी पाठची बहीण वखारीत गेली. आता तिचेही डोळे लाल असतात, खोकल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. मी गेले नाही. ते कुणामुळं, हे मी तिच्यासमोर कधी बोलत नाही.

काकू थकल्या, घर आवरलं, आणि धाकट्या दादांच्या बायकोनं मला मुलांसाठी कुवेतला आणलं. गेली काही वर्षं मी इथंच आहे. धाकटे दादा म्हणाले होते तसंच आहे सगळं. मशीन गच्चीवर, पत्र्याखाली, आणि भिंतीच्या अलीकडं मी. मशीन सुरू झालं की माझा पलंग हलतो. दुपारी कपडे वाळत घालताना शेवटचा कपडा टाकेपर्यंत पहिला वाळलेला असतो. आजूबाजूच्या गच्च्यांवर बायका दिसतात. आम्ही हात करतो. एक गोव्याची आहे, ती आधी पोर्तुगालात कामाला होती; ओरडून ओरडून सांगते की तिथं मशीन सज्ज्यात ठेवायचे, दोरी रस्त्यावर लोंबायची आणि खालनं जाणारे लोक शिव्या द्यायचे. एक सिंहली आहे. तिच्या गावात अजून विहीरच. वारा उलटा असला की कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही. मग नुसते हात.

मंगळवारी मी जरा रेंगाळते. इथं वर इतका उजेड की डोळे उघडवत नाहीत, आणि वैनी तिकडं जमिनीखाली पायरीवर. अजून त्याच घरात असतील का, कुणास ठाऊक. धाकट्या दादांना विचारलं की ते म्हणतात, "आहे, बरी आहे." त्याच्या पुढं सांगत नाहीत. मी जास्त विचारत नाही. माझा तो स्वभावच नाही. विचारलं आणि कुणाला राग आला तर?

गावाकडं आमच्या वस्तीच्या कडेला दोन खोल्यांचा पाया घातलाय. आई म्हणते, एकीत ती आणि बहीण, दुसरीत मी परत आले की मी. मी तिला सांगितलंय, दुसरीला जोडून न्हाणी काढ, खिडकी मोठी ठेव आणि त्या खोलीत काही ठेवू नकोस. कणगी नाही, पेटी नाही, वाळवण नाही. आई चिडते. "कुणासाठी रिकामी ठिवायची गं? कोण येनार हाय हितं?"

येतील का, मला माहीत नाही. कोगनोळीच्या कडेच्या त्या वस्तीत त्यांचं मन रमेल का, तेही माहीत नाही. पण वैनी, इथनं सुटका झाली की मी आधी तुमचा ठिकाणा शोधणार आहे. धाकट्या दादांना न घाबरता विचारणार आहे. आणि तुम्ही याल तेव्हा ती खोली तुमची असेल, किल्ली तुमच्याच हातात. काही झालं तरी ती कुणासाठी सोडायला लागणार नाही, एवढं मी बघेन.